लग्नपत्रिकेचं ठिगळ

बाबा गेल्यावर आजोबांचं रिव्हॉल्व्हर बंदुकांच्या परवानाधारक दुकानात जमा करायचं होतं, म्हणून मी मारतहळ्ळीच्या घरून निघाले. सोबत त्याचं पुठ्ठ्याचं खोकंही घेतलं. ते कारखान्यातून बंदुकीबरोबरच आलेलं, असं बाबा जन्मभर सांगत आले आणि काका जन्मभर त्यांना हसत आले.

दुकानातले म्हातारे कारागीर निपाणीकडचे निघाले. "स्वल्प थांबा, अक्का," म्हणत त्यांनी खिशातलं भिंग शर्टाला पुसलं. झाकणावरच्या छापील लेबलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. आधी खोक्याचा वास घेतला. मग रिकामं रिव्हॉल्व्हर आतल्या मखमलीवर अलगद निजवलं, तर तिथला तेलकट डाग बरोबर त्याच्याखाली झाकला गेला. तळावरचा पुसट पेन्सिलीचा आकडा बंदुकीवरच्या आकड्याशी जुळला.

"म्हणजे खरं आहे?" मी विचारलं.

"आकडा काय, कुणीबी लिहितंय." त्यांचं बोट एका कोपऱ्यावर थांबलं होतं. तिथे बाबांनी माझ्याच लग्नपत्रिकेचा तुकडा खळीने चिकटवलेला.

मी ओशाळले. "ते ठिगळ मी काढूनच टाकणार होते."

"हात लावू नका. नकली खोकं जुनं दिसायला धडपडतंय, अक्का. हे बिचारं नवं राहायला धडपडलंय. खरं हाय हे."

त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं. बंदूक तिथे ठेवली, खोकं मांडीवर घेऊन बसने परतले. वाटेत पाहिलं, दुसरा कोपराही सुटत आला होता. घरी आल्याआल्या खळ शिजत ठेवली.