जागा रिकामी नव्हती

पगारपत्रकावर पहिलं नाव त्यांचं असायचं. नावापुढे मूळ पगाराचा रकाना, महागाई भत्त्याचा रकाना, प्रवासभत्त्याचा रकाना, आणि प्रत्येक रकान्यात एकेक आडवी रेघ. त्यांच्या खाली माझं नाव आणि पुढे बारीक अक्षरात ‘त्यांच्या जागेवर, तात्पुरते’. ठाण्याच्या शेतकी कचेरीत मी इन्स्पेक्टर म्हणून लागल्यापासून दर एक तारखेला त्या रेघांच्या खाली सही करत आलो. अशी जवळजवळ पाच वर्षं गेली.

ते म्हणजे माझ्या आधीचे इन्स्पेक्टर. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. स्वातंत्र्य मिळालं त्याच्या पुढच्या वर्षी, ज्येष्ठातल्या उधाणाला, कळव्याच्या पलीकडच्या खारजमिनीत बांध फुटल्याचा निरोप आला. ते सायकलवर टांग मारून गेले आणि परत आले नाहीत. सायकल बांधाला टेकवलेली सापडली, हँडलला छत्री अडकवलेली होती. खाडीत होड्या घालून चार दिवस शोधलं, पण काही हाती लागलं नाही.

“प्रेत नाही म्हणजे मरण नाही,” आमच्या हेडक्लार्कनी मला पहिल्याच आठवड्यात समजावलं. “मरण नाही म्हणजे जागा रिकामी नाही. आणि जागा रिकामी नाही म्हणजे तुम्ही कायम नाही.” हे सांगताना त्यांना जो आनंद होत होता तो मी आजही विसरलेलो नाही. सात वर्षं माणूस कुणाला दिसला नाही, कुणाच्या ऐकिवात आला नाही, की मग कायदा त्याला मेला असं धरतो, असं त्यांचं म्हणणं होतं. मध्ये कुणी ‘मी पाहिला’ म्हणालं, तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

बाहेरच्या माणसाला यातलं दुखणं कळायचं नाही. तात्पुरत्याला वार्षिक वाढ नाही, फंड नाही, धड रजा नाही. धान्य वाढवण्याची मोहीम आटोपली की तात्पुरत्यांना घरी पाठवणार, अशी कुजबुज दर मार्चला उठायची आणि मार्चभर मला जेवण जायचं नाही. मी नौपाड्यात एका खाणावळीच्या माडीवर खाट भाड्याने घेऊन राहत होतो. बायको आणि मुलगी देवरुखला, बायकोच्या माहेरी. डोंबिवलीत दोन खोल्या पाहून ठेवल्या होत्या, पण घरमालकाला कायम नोकरीचा दाखला हवा होता. मुलगी चार वर्षांची झाली तरी मला बघून आईच्या पदरामागे जायची आणि ‘पाहुणे आले’ म्हणायची. ते ऐकून मी हसायचो आणि मग विहिरीवर जाऊन उगाचच बराच वेळ हातपाय धूत बसायचो.

तेव्हा खोटं कशाला बोलू, त्या माणसाच्या मरणाची मी वाट पाहत होतो. तो मेलाच होता. मला फक्त ते कागदावर हवं होतं.

एक तारखेला पगाराच्या खिडकीसमोरच्या बाकावर एक बाई येऊन बसायच्या. त्यांच्या पत्नी. कळव्याला दिराकडे राहायच्या, शिवणकाम करायच्या. कपाळाला ठसठशीत कुंकू. कचेरीत सगळे त्यांना वहिनी म्हणत. त्या कुणाकडे काही मागत नसत. हातातल्या छोट्या बटव्यात एक आण्याचं रेव्हेन्यू तिकीट असायचं, एवढं शिपायाने मला सांगितलं होतं. पगारपत्रकावर तिकीट चिकटवून त्यावर सही करावी लागते, आणि त्यांचे यजमान तिकीट आणायला हटकून विसरायचे. परस्पर फिरतीवरून कचेरीत आले, तर अडून राहायला नको म्हणून त्या तिकीट घेऊन येत. खिडकी बंद झाली की बटवा कमरेला खोचून पुलावरून चालत घरी जात. मला त्यांचा राग यायचा. हे लिहायला लाज वाटते, पण यायचा.

आता खारजमिनीबद्दल थोडं सांगतो. खाडीचं पाणी अडवायला मातीचा लांबच लांब बांध, आणि आतल्या पावसाच्या पाण्याला ओहोटीच्या वेळी वाट द्यायला बांधात लाकडी झडप. तिला उघाडी म्हणतात. उघाडीवर एक म्हातारा राखणदार असायचा, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. उन्हाळ्यात त्या जमिनीवर मिठाची पांढरी खपली धरते. पावसाने मीठ धुऊन गेलं की नाही हे बघायला आम्ही चिमूटभर माती जिभेवर ठेवायचो. पुस्तकात याहून चांगले उपाय होते, पण ते पुस्तकातच होते.

तिथे जायला दोन वाटा. सडकेने गेलं की अंतर पाच मैलांच्या वर भरायचं आणि प्रवासभत्ता मिळायचा. बांधावरून गेलं की जवळ पडायचं, म्हणजे भत्ता नाही. मी जायचो बांधावरून आणि डायरीत लिहायचो सडक. असं सगळेच करत. माझ्या आधीचे ते इन्स्पेक्टर मात्र बांधावरून जात आणि बांधच लिहीत. त्यांच्या जुन्या डायऱ्या माझ्याच टेबलाच्या खणात होत्या. दर फिरतीच्या नोंदीपुढे ‘भत्ता नाही’ असं त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलेलं असे. सडकेने गेले असते तर उधाणात सापडले नसते, असं हेडक्लार्क म्हणायचे.

माझ्या तिसऱ्या पावसाळ्याआधी म्हातारा मला म्हणाला, “सायेब मंगलवारी आयलेलं.”

“मंगळवारी मीच आलो होतो, बाबा.”

“तुमी नाय. पयलं सायेब.”

मी आजूबाजूला पाहिलं, कुणी ऐकत तर नाही ना. भूत वगैरे डोक्यात नव्हतं. हे कुणी कचेरीत जाऊन बोललं तर सात वर्षांची मोजणी पुन्हा सुरू होणार, हे डोक्यात होतं. मग मी विचार केला आणि हसू आलं. त्यांच्यासारखीच खाकी टोपी, तसलीच छत्री, तीच सायकलची वाट. म्हाताऱ्याला दिसतं अर्धं. तो मलाच त्यांच्या नावावर खपवत होता. म्हणजे मी जितक्या इमानाने फिरती करणार तितका तो माणूस जिवंत राहणार! त्या दिवसापासून मी टोपी सोडली, डोक्याला पांढरा पंचा गुंडाळायला लागलो आणि छत्री खाणावळीत ठेवली.

पुढच्या खेपेला म्हातारा पुन्हा तेच. मी चिडलो. म्हटलं, “बाबा, तुम्हाला दिसत नाही. तुम्ही बघता तो मी असतो.”

तो उघाडीच्या फळीवर बसून चिखल खरवडत होता. मान वर न करता म्हणाला, “मना कलतं. तुमी माती चाखून थुकता. सायेब गिलतान.”

ते माती गिळतात. तो हे अगदी सहज बोलला, एखाद्याला चहात साखर कमी लागते हे सांगावं तसं. मी परत जाताना बांधावरून सायकल चालवली नाही, हातात धरून चालत गेलो.

सातवं वर्ष भरत आलं त्या वैशाखात मी त्यांना पाहिलं.

भर दुपार होती. खाडी ओसरलेली, वारा पडलेला. जमीन मिठाने इतकी पांढरी झाली होती की डोळे बारीक करून चालावं लागत होतं. बांधाच्या आतल्या दुसऱ्या तुकड्यात एक माणूस उकिडवा बसला होता. खाकी टोपी. त्याने वाकून माती उचलली, तोंडात टाकली आणि थुंकला नाही. त्याचा गळा हलताना मी पाहिला. मग तो उठला आणि त्याने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. आपल्या टेबलावर दुसराच माणूस काम करताना दिसला तर क्षणभर थांबून बघतो ना, तसं. मी डोळ्यांवरचा घाम पुसला तेवढ्यात तिथे कुणी नव्हतं.

मी तुकड्यात उतरलो. का उतरलो ते मला आजवर कळलेलं नाही. मिठाच्या खपलीवर पाय पडला की ती पापडासारखी मोडते. माझ्या प्रत्येक पावलाखाली मोडत होती. पुढे मात्र चहूकडे ती अखंड होती. फक्त एका ठिकाणी बोटांनी चिमूटभर माती उकरलेली, आणि आतली ओली काळी माती दिसत होती.

त्या दिवसाच्या डायरीत मी लिहिलं, ‘सडकेने गेलो. जमीन पाहिली. विशेष काही नाही.’ खरं लिहायचं तर आधी बांधावरून गेलो हे कबूल करावं लागलं असतं, आणि पाच वर्षांचा भत्ता अंगावर आला असता. पण ते निमित्त झालं. खरं कारण देवरुखला होतं.

महिन्याभरात कागद फिरायला लागले. गावातून जबाब घ्यायचे होते. म्हाताऱ्याकडे मीच गेलो आणि म्हटलं, “बाबा, पहिले साहेब दिसले नाहीत असं लिहायचंय.”

“कागदावर दिसलं नाय बोलायचं?”

“हो.”

“मंग नाय दिसलं,” म्हणून त्याने अंगठा पुढे केला. मी त्याला शाई लावली.

आता राहिली वहिनींची सही. फंडाचा पैसा त्यांना मिळायचा तर यजमान वारले असा अर्ज त्यांनीच करायला हवा होता. इतकी वर्षं त्यांनी तो केला नव्हता. दिराच्या घरात आता निभत नव्हतं, म्हणून एक तारीख नसतानाही त्या कचेरीत आल्या. हेडक्लार्कनी अर्ज पुढे केला. त्यांनी टाक हातात घेतला आणि खाली ठेवला.

“मला या भाऊंना एक विचारायचंय,” त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. आमचं ते पहिलंच बोलणं. “तुम्ही त्या बाजूला नेहमी जाता. तुम्हाला ते कधी दिसले का हो?”

खोलीत टाइपरायटर वाजत होता, तो थांबला. हेडक्लार्क माझ्याकडे बघत होते. मी ‘हो’ म्हटलं असतं तर माझी जागा गेली असती, त्यांचा पैसा अडकला असता, लोकांनी मला वेड्यात काढलं असतं. ही सगळी कारणं मी नंतर, पुष्कळ वर्षं, एकेक करून जमवली. त्या वेळी माझ्या मनात एकही नव्हतं. मनात फक्त मुलगी होती.

“नाही वहिनी,” मी म्हणालो. “कधीच नाही.”

त्यांनी माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं, मग सही केली. अक्षर नीटस होतं. उठताना बटवा उघडला, आतलं ते तिकीट काढलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. “एक तारखेला लागतं,” त्या म्हणाल्या. “तुम्हीही विसरत असाल.” मला ते घ्यायचं नव्हतं. पण उचलून पाकिटात ठेवलं.

हुकूम आषाढात आला. कायम, वार्षिक वाढीसह. मी त्याच दिवशी देवरुखला पत्र टाकलं आणि डोंबिवलीच्या घरमालकाला दाखला नेऊन दिला. त्याच आठवड्यात खारीत जाणं भाग होतं. मी सडकेने गेलो, खरोखरच सडकेने. पाऊस चांगला झाला होता, जमिनीवरचं मीठ उतरलं होतं. म्हातारा उघाडीवर होता.

“सायेब आता येत नाय,” तो आपण होऊन म्हणाला.

मी सायकल उघाडीला टेकवली.

“त्यांची नोकरी गेली ना. आता कशाला येतील?”

“तुम्हाला कुणी सांगितलं, बाबा?” हुकूम कचेरीबाहेर अजून कुणाला ठाऊक नव्हता.

“तेच बोलून गेलं.”

एक तारखेला मी खिडकीपाशी उभा राहिलो. समोरचा बाक रिकामा होता. पगारपत्रकावर पहिलं नाव माझं होतं. वर काही नव्हतं, रेघाही नव्हत्या. कारकुनाने हात पुढे करून तिकीट मागितलं. मी खिसे चाचपले, पण तिकीट आणायला मी विसरलो होतो. पाकिटात वहिनींचं तिकीट तेवढं होतं. मागे माणसं ताटकळत होती. मी ते काढलं आणि चिकटवायला जिभेवर ठेवलं.

ते खारट होतं. थुंकायला जागा नव्हती. मी तोंडातलं खारट पाणी गिळलं, तिकीट चिकटवलं आणि सही केली.