अठ्ठ्याहत्तर पत्ते

माझ्याकडे टॅरोच्या पत्त्यांवर भविष्य बघायला आलेल्या बाईला मी आधी सगळा गठ्ठा मोजायला लावते. अठ्ठ्याहत्तर भरले की विचारते, "एकही कमी नाही ना?" मगच मांडते. काहीजणी वैतागतात. "आमी काय परीक्षेले बसलो का?" म्हणतात. एखादी परत येत नाही, न येवो. परवा हे पत्ते शिकणाऱ्या एका मुलीने फोनवर विचारलं, ताई, तुमची ही स्वतःची स्टाइल तुम्हाला कशी सापडली? जशी काही मी बाजारात गेले अन् पिशवीत घालून आणली. तिला म्हटलं, नंतर सांगते. नंतरही सांगितलं नाही.

आदिलाबादला घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. पत्ते मी फोनवरच्या व्हिडिओंतून शिकले. त्यातली एक बाई डोळे अर्धे मिटून, हळू आवाजात हिंदीत बोलायची, ब्रह्मांड आपसे कह रहा है. मीही तसंच करू लागले, खांद्यावर शाल घेऊन, भर उन्हाळ्यात. आई आतल्या खोलीतून ऐकायची. मराठी शाळेत आयुष्यभर गणित शिकवून ती रिटायर झालेली. आमचं घर बौद्ध. पत्रिका, मुहूर्त, अंगारा असलं काही तिने उंबरठ्याच्या आत येऊ दिलं नव्हतं, आणि पोरगीच पत्ते घेऊन बसलेली. ती म्हणायची, "तुह्या ब्रह्मांडाले दुसरं काम नाही का वं? काज-बटन करणारीसंग गप्पा हाणत बसते." माझा राग नाकावर. दोन दिवस मी तिच्याशी बोलले नाही. पण ब्रह्मांड सोडलं, शालही सोडली.

मग दुसरी खोड लागली. मृत्यूचा पत्ता म्हणजे मरण नव्हे, बदल, असं सगळे व्हिडिओ सांगतात. पण घोड्यावर बसलेला सांगाडा समोर आला की बाया पुढचं ऐकतात कुठं! एक तेलुगू बाई तो पत्ता बघून उठली ती गेलीच, शिवून ठेवलेला ब्लाउज न्यायलाही आली नाही. त्या दिवशी मी गठ्ठ्यातून तीन पत्ते काढले. तो सांगाडा, एक कोसळणारा मनोरा, आणि पाठीत दहा तलवारी खुपसलेला माणूस. ते तिन्ही पत्ते ब्लाउजच्या हुकांच्या डब्यात, तळाशी ठेवले.

उरलेल्या पंच्याहत्तर पत्त्यांत सगळ्यांचं भलंच निघायचं. बाया वाढल्या. मराठी, तेलुगू, उर्दू, तिन्ही भाषांत बोलबाला झाला की हिच्या हातचा पत्ता गोड येतो. मला वाटलं, हीच माझी रीत. त्याची लाज वाटत नव्हती, उलट मिरवत होते.

त्याच वर्षी आईचं पोट दुखायला लागलं. नागपूरला नेलं. डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावून सांगितलं की ऑपरेशनची वेळ गेली, आता थोडेच महिने. बाहेर बाकावर आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. मी तिला म्हटलं, "आतड्याला सूज आहे, औषधाने उतरेल." तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरं."

तिची एक सवय सांगायला हवी. वर्गात कोणी खोटं बोललं तर ती मारायची नाही की ओरडायची नाही. खडू टेबलावर ठेवायची आणि उभी राहायची. खरं बाहेर येईपर्यंत पुढचं गणित नाही. मी तिच्याच वर्गात शिकले, हे मला पक्कं ठाऊक होतं.

आईची मोठी बहीण बेल्लमपल्लीला, कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये. तिचं अर्धं अंग लुळं पडलेलं, खाटेवरून उठता येत नाही. दोघी रोज फोनवर बोलायच्या. भेटायचं तर आईनेच जायचं, दुसरा मार्ग नव्हता.

पावसाळा लागला होता. एका दुपारी आई पुढच्या खोलीत आली आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसली. "काढ तुहे पत्ते," म्हणाली. मी हसले. ती नाही हसली. "एकच इचारतो. बेल्लमपल्लीले ताईकडं आता जाऊ, का पाऊस सरल्यावर?"

तिने गठ्ठा हातात घेतला, बराच वेळ पिसत राहिली. मग म्हणाली, "तीन कमी हायेत."

पिसता पिसता तिने मोजले होते. हुकांचा डबा तिच्या कोपरापाशीच होता.

"हरवले," मी म्हटलं.

पत्ता काढला तर सूर्य, पांढऱ्या घोड्यावर हसणारं बाळ. मी बोलत सुटले. घाई नाही आई, पावसात रस्ता खराब, बस गुडीहत्नूरच्या फाट्याला वळली की हाडं खिळखिळी करते, आधी बरी हो, मग जाऊ. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. दोघी बहिणी गळ्यात पडून रडल्या की सगळं उघडं पडेल, आणि आईचा चेहरा मला बघावा लागेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मनाला समजावत होते. आईने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बसून राहिली. ती कशाची वाट पाहतेय ते मला कळत होतं. मी मान खाली घातली आणि मशिनवरचा अर्धा ब्लाउज शिवायला घेतला. थोड्या वेळाने "बरं" म्हणून ती आत गेली.

पाऊस सरायच्या आधीच आई वारली. मावशीला येता आलं नाही.

महिन्याभराने आईची एक साडी घेऊन मी बेल्लमपल्लीला गेले. वाटेत वाक्य घोकत होते, तब्येतीमुळे तिला येता आलं नाही. मावशीने ती साडी छातीवर ठेवून घेतली. मला काही बोलूच दिलं नाही.

"तिले समदं मालूम होतं," ती म्हणाली. "नागपूरलेच समजली ते, तुह्या तोंडावरून. म्या म्हटलं, मंग ये ना लवकर, काऊन थांबून राह्यली? तं म्हणे, पोरगी लपवून राह्यली, ताई. तिनं खरं सांगितलं की त्याच दिवशी बसमंदी बसतो. तिले त्या खोट्यासंग एकटी सोडून कशी येऊ? सांगनच म्हणे पोरगी, माह्या वर्गातली हाय." मग तिने चालत्या हाताने साडीची घडी सारखी केली. "म्या रोज दाराकडं तोंड करून निजत होती. काऊन नाही सांगितलं वं तू?"

मी तिचे पाय चेपत बसले.

घरी आले, दिवा लावला, हुकांचा डबा पालथा केला. तिन्ही पत्ते गठ्ठ्यात घातले आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीसमोर एकेक करून मोजले. अठ्ठ्याहत्तर भरले. मग मोठ्याने म्हटलं, "आई, हरवले नव्हते."