‘आपण’ म्हणजे कोण, मिलिंदराव?

“आई, मिलिंद गेले,” असं म्हणत तुमचा भूषणमामा हातात फोन धरून माझ्या खोलीच्या दारात उभा राहिला, आणि माझ्या तोंडून निघालं, “असं कसं? बुधवारी त्यांची परीक्षा आहे.”

मितू, यश, माणूस गेल्याचं कळल्यावर आजीने असं काही बोलावं याचं तुम्हाला नवल वाटेल. मलाही वाटतं. पण त्या रविवारी सकाळी माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच. इथे बहरीनला, गुदैबियात कंपनीच्या खोलीवर तुमचे बाबा झोपले, ते उठलेच नाहीत. झोपेत हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. भूषण त्यांना घेऊन तुमच्याकडे अमरावतीला आला. माझं नुकतंच ऑपरेशन झालेलं, विमानप्रवासाला डॉक्टरांनी साफ मनाई केली. तुमच्याकडे त्रिशरण-पंचशील झालं तेव्हा मी इथे झिंजच्या फ्लॅटमध्ये एकटी बसून तेच म्हणत होते... तुम्हाला जवळ घेता आलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. पुरवणीत छापून येईल. इतरांनीही वाचावं, पण लिहिलं आहे ते तुम्हा दोघांसाठी. मराठी वाचताना अडलात तर आईला वाचून दाखवायला सांगा.

बाबा बहरीनला एसीचं काम करतात आणि परीक्षा पास झाले की आपल्याला तिकडे नेणार आहेत, एवढं तुम्हाला ठाऊक होतं. ही परीक्षा कसली, ते कोणी सांगितलं नसेल. त्यांच्या कंपनीत टेक्निशियनला फॅमिली व्हिसा मिळत नाही, टीम लीडरला मिळतो. त्यासाठी दीड वर्षाची अप्रेंटिसशिप होती. रोजचं काम करता करता माणसं सांभाळायला शिकायचं, आणि शेवटी बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर बसून, टीमचा प्रमुख म्हणून आपण स्वतः काय काय केलं ते कामातली उदाहरणं देऊन सांगायचं. इंग्रजीत. मी सगळं आयुष्य शाळेत इंग्रजी शिकवलं, तेव्हा ही तयारी ओघानेच माझ्याकडे आली.

दर शुक्रवारी ते यायचे. काखेत गरम खबूस रोट्यांची पिशवी, दारातूनच “जयभीम, आई.” मग चपला काढता काढता ठरलेला प्रश्न, “आज जावई म्हणून आलो का उमेदवार म्हणून, ते आधी सांगा. जावई असन तं आधी जेवतो.”

“उमेदवार,” मी म्हणायची. “जावयाला नापास करता येत नाही.”

“मग सासरेबुवांचा फोटो तिकडे फिरवा जी. दोघं दोघं परीक्षक मले नाही झेपत.”

जेवणाच्या टेबलाच्या एका बाजूला मी चष्मा लावून, दुसऱ्या बाजूला ते शर्टाचं वरचं बटण लावून. त्यांचं इंग्रजी वाईट नव्हतं. अडायचं ते एकाच जागी. त्यांना ‘आय’ म्हणता येत नसे. बुदैयातल्या एका व्हिलाच्या गच्चीवर भर उन्हाळ्यात त्यांच्या टीममधला बिजू चक्कर येऊन पडला होता. परीक्षेत सांगायला याहून चांगलं उदाहरण नव्हतं. पण मिलिंदराव सांगायचे ते असं : वुई सॉ ही इज नॉट ओके, वुई ब्रॉट हिम डाउन, वुई गेव्ह वॉटर.

“हू इज वुई?” मी परीक्षकाच्या आवाजात विचारायची.

“टीम, मॅडम.”

शेवटी मी इंग्रजी सोडून दिलं. म्हटलं, “मिलिंदराव, मला मराठीत सांगा. खाली कोणी आणलं त्याला?”

“आपणच आणलं ना, आई.”

“आपण म्हणजे कोण? मी होते का तिथे?”

“आता झाल्या ना सामील,” म्हणाले, आणि असे हसले की मलाही चष्मा काढावा लागला.

हसणं आवरल्यावर मी खरंच रागावले. म्हटलं, परीक्षक टीमला पास करणार नाही, तुम्हाला करणार आहे; तुम्ही ‘मी’ म्हटलं नाहीत तर माझी नातवंडं तिकडेच राहतील. ते म्हणाले, “शिडी सलीमनं धरली होती, आई. म्या उतरवलं म्हणू, तं शिडी कुठं गेली?” मी पुढचा प्रश्न विचारला.

ते गेल्यानंतरच्या बुधवारी, म्हणजे त्यांच्या परीक्षेच्या दिवशी, संध्याकाळी बेल वाजली. दारात त्यांच्या टीमची माणसं उभी होती, ड्यूटीवरून तशीच आलेली, कपड्यांवर धूळ. आत यायला लाजत होती. केरळचा बिजू, पेशावरचा सलीम, मागे आणखी तिघं. मी चहा केला. मग मीच विचारलं, त्या दिवशी गच्चीवर काय झालं होतं?

बिजू म्हणाला, “मेरे को मालूम नहीं, अम्मा. आँख खोला तो भाई के कंधे पे था.”

“भाई तो कहते थे, टीम ने उतारा,” मी म्हटलं.

सलीमने कप खाली ठेवला. “टीम क्या उतारती, अम्मा? टीम तो डर के मारे खड़ी थी. मैंने सीढ़ी पकड़ी, बस. बिजू को कंधे पे डालके वो अकेले उतरे. नीचे आके बोले, शाबाश सलीम.”

एवढं बोलून तो मोठा दाढीवाला माणूस रडायला लागला. बिजूने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मला म्हणाला, “भाई का आज इंटरव्यू था ना, अम्मा... पास हो जाता.”

हो रे, म्हटलं. झाले असते.

आता शेवटचा शुक्रवार. तो मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो लिहिताना हात चालत नाही. त्या दिवशी सगळे प्रश्न झाले, तेच ‘वुई’, तीच टीम. मी दमले होते. शेवटचा प्रश्न म्हणून विचारलं, तुम्हाला टीम लीडर का व्हायचं आहे? याचं उत्तर आम्ही पाठ केलं होतं. त्यात टीमचा विकास, कंपनीचं ध्येय असलं सगळं होतं. तुमचे बाबा खिडकीतून खाली बघत राहिले. आमच्या बिल्डिंगच्या फाटकाशी शाळेची बस थांबते, मुलांना सोडायला बाप येतात. शुक्रवार म्हणजे सुट्टी, फाटकाशी कोणीच नव्हतं.

मग म्हणाले, “बिकॉज आय... आय विल स्टँड देअर. विथ देअर बॅग्ज. एव्हरी मॉर्निंग, आय.”

व्याकरण सुधारायचं माझ्या मनातही आलं नाही. मी पेन खाली ठेवलं. “बरोबर,” म्हटलं, “आता जेवायला चला.”

मितू, यश, बाबांचं हे वाक्य आईला मोठ्याने वाचायला सांगा. त्यात टीम नाही, सलीम नाही, मीसुद्धा नाही. त्यात ते आहेत आणि तुम्ही.

रविवार ते गुरुवार रोज सकाळी बस येते. दप्तरं खांद्याला अडकवून बाप उभे असतात, कोणी मल्याळीत ओरडतो, कोणी मराठीत, “चल यल्ला, बस निघाली.” मी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसते. फाटकाच्या उजव्या बाजूला, दिव्याच्या खांबापाशी, एका माणसापुरती जागा रिकामी राहते. बस वळून दिसेनाशी होईपर्यंत मी तिथेच बघत असते. मग उठून कप विसळते.