मारियालचा गळपट्टा

कुइर गेला तेव्हा त्याच्या बैलाचाही साज उतरला. रीतच ती. तरणाताठा मुलगा गेला की त्याच्या लाडक्या बैलाच्या शिंगांवरचे गोंडे सोडायचे, गळ्यातला पट्टा नि घंटा काढायची, आणि घरच्यांचं सुतक फिटेपर्यंत बैलानंही तसंच ओकंबोकं चरायचं. अवुतनं, कुइरच्या आईनं, त्याला हरकत घेतली नाही. पाणथळातून गुरं पलीकडे नेताना एका वासरासाठी पोरगा पाण्यात उतरला होता. वासरू काठाला लागलं, पोरगा लागला नाही. त्यापुढं गोंड्यांचं काय?

त्याचा बैल मारियाल काळाभोर, पोटावर पांढरा रुंद पट्टा. वासरू होता तेव्हापासून कुइरनं भाल्याच्या पात्यानं त्याची शिंगं तासून तासून वळवली होती, एक पुढं, एक मागं. रोज सकाळी शेणाच्या धुनीतली राख त्याच्या अंगाला चोळायचा आणि त्याच्यावर रचलेली गाणी म्हणत त्याला गोठाणभर, गुरांच्या अख्ख्या तळावर, मिरवायचा. मुली कुइरला कुइर म्हणतच नसत, मारियालच म्हणत.

सुतक फिटलं, अवुतनं डोकं भादरलं आणि ती खुंट्यावर गेली. दीर मागोत तिथं उभा होता; नवरा गेल्यापासून घरची गुरं त्याच्याच हाती. बैलाचा गळपट्टा दोन तुकडे होऊन शेणात पडला होता.

"भाऊजी, सुतकात पट्टा सोडतात. कापत नाहीत."

"आता तो कुणाला लागणार आहे, वहिनी? मारियाल अगान्यच्या लग्नात वधूच्या बापाला जाणार. सोयरीक ठरत आलीय."

अगान्य मागोतचा मुलगा, कुइरपेक्षा लहान.

"आधी थोरल्याचं लग्न होतं," अवुत म्हणाली.

"थोरला पाण्यात आहे."

"म्हणून त्याचं नाव पण बुडवता? त्याची गुरं देऊन त्याच्या नावानं बायको आणायची, धाकट्या भावानं तिच्याजवळ राहायचं. तिला मूल झालं की ते कुइरचं. तुमच्या थोरल्या काकांसाठी आणली नव्हती? मग माझ्याच पोरानं काय वाईट केलं?"

"बाईमाणसानं गुरांच्या गोष्टीत पडू नये," मागोत म्हणाला आणि घंटा काखेत मारून चालता झाला.

अवुतनं ते दोन तुकडे उचलले, धुतले, शिवता येतात का ते पाहिलं. येत नव्हते. तिचा बाप रीक गळपट्टे करणारा होता. लहानपणी ती त्याच्यासमोर बसून कातड्याचं दुसरं टोक धरायची, हात चिरले की तो म्हणायचा, "रड, पण सोडू नकोस." करायला मात्र त्यानं तिला कधी दिलं नाही. बैलाचा साज पुरुषांनी करायचा.

त्याच आठवड्यात तिची म्हातारी गाय मेली. अवुतनं तिचं कातडं गोठाणाच्या मधोमध, सगळ्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, खुंट्या मारून ताणलं. झोपायला अंथरूण करतेय, असंच सगळ्यांना वाटलं. पण तिनं मांस खरवडून काढलं, राख चोळली, आणि मग कडेपासून गोल गोल कापत एक लांबलचक वादी काढायला घेतली, तेव्हा धुनीपाशी बसलेले बापये उठून आले.

"काय गं अवुत, बैलाचा पट्टा करतेस? उद्या भालापण घेशील हातात!"

"घेईन. तुमच्यातला एखादा टाकून पळाला की त्याचाच घेईन."

सगळे हसले. ज्यानं विचारलं होतं तो नाही हसला.

वादी तिनं लोणी लावून झाडाच्या बुंध्याभोवती ओढली, पिळली, पुन्हा ओढली. पहिला पट्टा राठ झाला. बैलाची मान सोलवटली असती. तिनं तो कुत्र्यांना टाकला आणि दुसरा घेतला. हाताची सालं निघाली. शेजारीण यार पाणी घेऊन आली नि हळूच म्हणाली, "बाई गं, कशाला वैर घेतेस? उद्या दूध कोण देईल तुला?"

"दूध नाही मिळालं तर मासे खाईन. पाणथळ काय मागोतच्या बापाचं आहे?"

जुने गोंडे मागोतनं दिले नाहीत, नव्यांसाठी कुणी शेपटीचे केस देईना. मग तिनं मेलेल्या गाईच्याच शेपटीचे केस विंचरून दोन गोंडे बांधले. लहानसेच झाले.

सकाळी, गुरं सोडायच्या आधी, अख्खं गोठाण जागं असताना तिनं मारियालच्या अंगाला राख चोळली, शिंगांना गोंडे लावले, नवा पट्टा गळ्यात घातला. घंटा नव्हती. म्हणून तीच गायला लागली. कुइरची गाणी, कुइरच्या चालीवर, फाटक्या आवाजात. बैलानं कान टवकारले आणि तिच्यामागून चालू लागला.

मागोत धावत आला. "सोड! लाज आहे का? मेलेल्याची गाणी बाई गाते!"

"मेलेला गाऊ शकत नाही, म्हणून गाते. तुम्ही गाता का? गा! मी गप्प बसते."

मागोतनं काठी उगारली. अवुत हलली नाही. काठी तशीच हवेत राहिली, कारण म्हातारा लुएथ मध्ये आला होता. त्याच्या घराण्याकडं पवित्र भाल्याचा मान. त्याच्यासमोर कुणी हात उचलत नसे.

चिंचेखाली सगळे बसले. मागोत बराच वेळ बोलला. मग लुएथनं अवुतला विचारलं, "तुला बैल ठेवून घ्यायचाय का, बाळ?"

"नाही, बाबा. बैल जाऊ दे. पण कुइरच्या लग्नात जाऊ दे. याच पट्ट्यात."

लुएथ अगान्यकडं वळला. "नवरदेव तू. तुझं काय म्हणणं?"

अगान्यनं बापाकडं पाहिलंच नाही. "पोहायला मला कुइरदादानं शिकवलं," तो म्हणाला. "आधी त्याचं होऊ दे. त्याच्या बायकोचं घर मी सांभाळीन. माझ्या लग्नाचं मग बघू."

मागोत उठून गेला, पण निवाडा झाला होता. संध्याकाळी त्यानं घंटा अवुतच्या झोपडीसमोर आदळली. पुढं तो तिच्याशी कधी बोलला नाही. अवुतनंही त्याची मनधरणी केली नाही.

वधूकडं गुरं निघाली तेव्हा सगळ्यांत पुढं मारियाल होता आणि त्याच्या पुढं अवुत. बाईनं पुढं चालू नये, असं कुणीतरी म्हणालं. तिनं ऐकलं नाही. व्याह्यांच्या अंगणात बैलाचं दावं दुसऱ्याच्या हातात देताना तिनं नजर खाली केली नाही. "मान सोलवटेल इतका पट्टा आवळू नका," एवढंच म्हणाली.

सून गोड होती. तिला मुलगी झाली, मग मुलगा, आणि दोघंही कुइरची म्हणून वाढली.

पुढं गोठाणावरची तरणी पोरं कातडी घेऊन अवुतकडं यायला लागली. म्हातारे नाक मुरडत. काही जण शेवटपर्यंत म्हणत राहिले की तिच्या हातचा पट्टा घातलेला बैल डुरकत नाही. एकदा एकजण ते तिच्या तोंडावर म्हणाला. अवुत कातडं खरवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तुझा बैल कुणाच्या पट्ट्यात डुरकतो रे? आण इकडं, बघू. आणि येताना पाणी आण, हे कातडं वाळायला लागलंय."