चाखणीची भाकर

“आधी माझ्या तोंडात, मग आत,” असं म्हणून जमादार टोपल्यावरचं फडकं बाजूला करायचे, वरची भाकर मोडायचे आणि घास तोंडात टाकायचे. डोळे मिटून चावायचे. घास गिळला की मान हलवायचे. ती मान हलली की मी सुटले.

आमचं घर तालुक्याच्या जेलला लागून. जेल म्हणजे काय, कचेरीच्या मागे दोन कोठड्या, एक अंगण आणि एक हौद. कैद्यांच्या जेवणाचा ठेका आमच्या ह्यांनी घेतला होता, म्हणजे भाकरी थापायच्या मी. जेवण चाखूनच आत न्यायचं असा नियम होता म्हणे, पण आधीचे शिपाई टोपल्यात बघतसुद्धा नसत. जमादारांनी मात्र तो नियम असा धरला की मी शेवटच्या पिठाची तळहाताएवढी एक भाकर त्यांच्यासाठी वर ठेवायला लागले. चाखणीची भाकर.

तुम्हीही असा माणूस कुठंतरी पाहिला असेल. बोलणं सगळं तिरकं आणि जीव सगळा दुसऱ्यात. वरण पातळ झालं की म्हणायचे, “वैनी, डाळ कुठाय? तिला बी कोठडीत टाकली का?” एकदा त्यांच्या दाताखाली खडा आला. सगळं टोपलं त्यांनी माघारी पाठवलं. मी कपाळाला आठ्या घालून दुसऱ्यांदा पीठ मळलं, तर जमादार दारात उभे राहून सांगतात, “रागावू नका. तुमी मला शिव्या देऊ शकता, आतल्यांनी कुणाला द्यायच्या?” मी हसले आणि तवा टाकला.

ते दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. मोर्चा निघाला की माणसं धरून आणायचे, आणि आमच्या त्या दोन कोठड्यांत कोंबायचे. दहा जणांच्या जागेत कितीतरी. झोपायचं पाळीपाळीनं. आणि पाण्याला तोच एक हौद. हौदाला चीर गेलेली, शेजारून गटार वाहायचं, ते आत पाझरायचं. मी म्हणाले, माझ्या आडाचे दोन हंडे पाठवते. तर बाहेरचं पाणी आत न्यायची परवानगी नाही. भाकर बाहेरची चालते, पाणी चालत नाही. हा कुठला कायदा, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आत हगवण सुरू झाली. त्यातच एक ऊसतोडीला जाणारा माणूस होता, मोर्चातला नव्हे. बांधावरच्या भांडणात आलेला, तारखेची वाट बघणारा. त्याची बायको मुलाकातीला यायची आणि नंतर माझ्या ओट्यावर टेकायची. “काकू, ह्यांना उभं ऱ्हायला येईना,” म्हणाली एकदा. जमादार टोपलं न्यायला आलेच होते. तिच्यासमोर त्यांनी शब्द दिला. “परवा मोठे साहेब तपासणीला यायलेत. मी माझ्या तोंडानं सांगतो. हौद बंद, टँकर चालू, अन् तुझा माणूस दवाखान्यात. फिकीर करू नको.”

ती म्हणाली, “तुमी चाखल्याबिगर घासबी आत नेत न्हाई म्हनं. मग मला कशाची फिकीर?”

साहेब यायच्या आधी अंगण सारवलं, भिंतींना चुना लागला. हौदालाही लागला, बाहेरून. मला टोपलं घेऊन फाटकात उभं केलं होतं, साहेबांना जेवण दाखवायला. ती बाई माझ्या मागे.

साहेब काही वाईट नव्हते. त्यांनी अंगणात उभं राहून विचारलं, “पाण्याची काही तक्रार आहे म्हणतात?” कोठडीचं दार उघडून आत विचारलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण त्यांनी जमादारांना विचारलं, आणि जमादारांच्या मागे कचेरीतली माणसं उभी होती, हौद दुरुस्त झाला असं वर कळवून बसलेली.

जमादारांनी हौदात लोटा बुडवला. डोळे मिटले. घटाघटा प्याले. आणि मान हलवली.

“गोड हाय साहेब.”

साहेब हसले, माझी भाकर बघितली, छान म्हणाले आणि जीपमध्ये बसले. कोठडीतून कुणीतरी ओरडलं, पण तोवर जीप चालू झाली होती.

त्या माणसाला दोन दिवसांनी परभणीला हलवलं, तो वाटेतच संपला. त्याची बायको माझ्या ओट्यावर आली. रडली नाही. मला विचारत होती, “काकू, जमादार तर म्हणले पानी गोड हाय. मग ह्यांना काय झालं?”

जमादार स्वतःही आजारी पडले, त्याच पाण्यानं. मी मऊ भात पाठवला. का पाठवला, ठाऊक नाही. सवयीनं. बरे झाल्यावर ते टोपलं न्यायला आले, खाली बघत म्हणाले, “पेन्शन जवळ आलीय, वैनी. खरं बोललो असतो तर कुठं फेकलं असतं मला.”

“मग गप्प बसायचं होतं,” मी म्हणाले. “प्यालात कशाला?”

ते टोपलं उचलून चालू लागले. मी खूप वेळा विचार केला आहे. नुसतं खोटं बोलले असते तर मी विसरले असते. घाबरलेला माणूस बोलतो खोटं. पण ज्या मानेवर आम्ही सगळ्यांनी भरवसा टाकला, तीच त्यांनी हलवली. आणि म्हणून मला वाटतं, जेलचं पाणी कसं आहे ते जेल सांभाळणाऱ्याला विचारूच नये. कितीही भला असो. जो पितो, त्याला विचारावं, आणि न सांगता येऊन विचारावं.

हौद त्यानंतरही तसाच राहिला. जमादार निवृत्त होऊन झरीला लेकीकडे गेले. तिथंच वारले असं ऐकलं.

ते निवृत्त होईपर्यंत मी टोपल्यावर ती तळहाताएवढी भाकर ठेवत राहिले. जमादार फडकं न उचलता टोपलं घेऊन जायचे. संध्याकाळी रिकामं टोपलं परत यायचं, तेव्हा तळाशी ती असायची. वाळलेली, अख्खी. चाखणीची म्हणून आतल्या उपाशी माणसांनीही तिला हात लावलेला नसायचा.