मूत्रपिंडावर जीव असलेला माणूस

कोणाचा गाण्यावर जीव असतो, कोणाचा पत्त्यांवर. पण मूत्रपिंडावर जीव असलेला माणूस मी सत्तेचाळीस वर्षांत एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. पिंपरीला औषधाचा कारखाना उभा राहिला तेव्हा ते तिथल्या प्रयोगशाळेत लागले आणि चिंचवडला आमच्या घरापासून दीड मैलावर राहायला आले. हे अंतर मी मोजलेलं आहे. कारखान्यात त्यांचं काम ज्यापासून औषध निघतं ती बुरशी वाढवण्याचं, पण मन सदैव मूत्रपिंडात. हृदयाबद्दल कोणी चार शब्द बरे बोललं तर त्यांना राग येई. "हृदय म्हणजे हमाल हो," ते म्हणत, "दिवसभर ओझं ढकलतं, झालं. अक्कल आहे ती इथे." आणि ते स्वतःच्या कमरेवर, मागच्या बाजूला, दोन्ही हातांनी थोपटत. नवख्या माणसाला वाटे, यांची कंबर धरली आहे.

वडीलधाऱ्यांना ते वाकून नमस्कार करत, आणि तो लवकर आटोपत नसे. कारण पायांवर डोकं ठेवता ठेवताच अंगठ्याने नडगी दाबून खळगा पडतो का, हे ते बघून घेत. आमच्या मावससासूबाईंना हे ठाऊक नव्हतं. असा नम्र जावई लाखात एक, असं त्या सगळीकडे सांगत. एका मुंजीत त्यांच्या पायाला खळगा पडला आणि तो लवकर भरून आला नाही. जावई उठले आणि भरल्या पंगतीसमोर म्हणाले, "मावशी, लोणचं आजपासून बंद." मावशी दोन वर्षं त्यांच्याशी बोलल्या नाहीत. सूज मात्र उतरली. आणखी एकदा खाटकाकडून बकऱ्याचं मूत्रपिंड वर्तमानपत्रात गुंडाळून ते आमच्या घरी घेऊन आले आणि आमच्या शाकाहारी ओट्यावर, माझ्या बायकोच्या विळीने उभं चिरून आतली रचना आम्हाला दाखवली. "बघा वहिनी, काय नक्षी आहे!" वहिनी देवघरात जाऊन बसल्या होत्या. विळी दुसऱ्या दिवशी मोडीत गेली.

पण त्यांचा खरा आवडता विषय वेगळा होता. मूत्रपिंडाला किती रक्त द्यायचं हे कोण ठरवतं, हा. एकदा आकुर्डीच्या वाटेवर एक शेतकरी उसाला पाणी देत होता. एका वाफ्याचं दार मातीने बुजवायचं, दुसऱ्याचं फोडायचं, असं त्याचं फावडं चाललेलं. साडू सायकल टाकून सरळ त्याच्या बांधावर. "हेच! अगदी हेच अंगात चालतं," ते त्याला सांगू लागले. "रक्त म्हणजे पाटाचं पाणी. आणि दारं धरणारी माणसं म्हणजे रक्तात फिरणारी रसायनं. एक मूत्रपिंडाच्या डोक्यावरच्या ग्रंथीतून सुटतं. दुसऱ्याची सुरुवात खुद्द मूत्रपिंडच करतं. ती आली की बारीक रक्तवाहिन्या आवळतात, दार बंद. ती ओसरली की दार उघडं."

शेतकऱ्याने फावडं टेकवून सगळं ऐकून घेतलं. "व्हय, समदं खरं," तो म्हणाला. "पर पाटाला पानीच कमी आलं, तर?"

साडूंचा चेहरा असा उजळला, की जणू त्याने त्यांना बक्षीस दिलं. "राव, तर मूत्रपिंड आपलीच दारं आवळून घेतं आणि मेंदूला, हृदयाला पाणी सोडतं. स्वतः उपाशी राहतं."

"मंग त्याचा ऊस वाळंल की."

"वाळतो," साडू एकदम हळू आवाजात म्हणाले. "कधी कधी वाळतो."

त्यानंतर वर्षाच्या आतच ही गोष्ट आमच्या घरात घडली. चैत्रात माझ्या बायकोला बाळंतपणात अतोनात रक्तस्राव झाला. मूल गेलं. तिला पुण्याच्या इस्पितळात नेलं, रक्त दिलं, ती शुद्धीवर आली. पण तिची लघवी बंद झाली. दोन दिवसांत मिळून चार चमचेही नाही. डॉक्टरांनी सांगितलं, दिवसाला मोजून दोन पेले पाणी, त्याच्यावर थेंब नाही.

मी मालधक्क्यावर वजनं लिहिणारा माणूस. आत किती आलं, बाहेर किती गेलं, यावर माझं पोट. मला वाटलं, आत कमी जातंय म्हणून बाहेर येत नाही. आणि ती तर तहानेने ओठ चाटत होती. तिसऱ्या दिवशी मी दोन शहाळी घेऊन गेलो. कोणी नाही असं बघून एक फोडलं, पेल्यात ओतलं आणि तिच्या ओठांना लावणार, तेवढ्यात साडू दारात. आवाज न करता आले, पेला माझ्या हातातून घेतला आणि मोरीत ओतला. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्यावर ओरडले.

"अहो, दारं बंद आहेत! वरून ओतलेलं पाणी जाणार कुठे? फुफ्फुसात? आणि शहाळ्यातला क्षार बाहेर पडला नाही, तर हृदय थांबतं. पाजून मारणार आहात का तिला?"

दुसरं शहाळं मी खाटेखाली सरकवलं. ती मात्र त्यांच्याकडे बघून म्हणाली, "भावजी, एक घोट. फक्त एक."

"नाही," ते म्हणाले.

पुढचे सात दिवस ते रजा काढून त्या खाटेशी बसले. तिच्यासमोर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत त्यांनीही पाण्याला तोंड लावलं नाही. घसा सुकून त्यांचं व्याख्यान बंद पडलं, ही आमच्या कुटुंबाच्या इतिहासातली मोठी घटना होय. ओठ पुसायला ती ओलं फडकं मागत असे. ते फडकं भिजवून, पिळून देत. ती त्यांना निर्दय म्हणे, कसाई म्हणे. ते मान हलवत आणि मला बाहेर नेऊन घोगऱ्या आवाजात सांगत, "दार उघडणार. आवळणारी रसायनं माणसाला सापडली आहेत. सैल करणारंही काहीतरी असणारच. अजून कोणाला नीट सापडलेलं नाही, इतकंच."

दहाव्या दिवशी सकाळी ते काचेचं मापाचं भांडं दोन्ही हातांत धरून, निरांजन न्यावं तसं, व्हरांड्यात आले. "नव्वद सीसी!" दुपारी एकशेचाळीस. दुसऱ्या दिवसापासून भांडं पुरेना. डॉक्टर हसले, परिचारिका हसल्या, मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

ती घरी आल्यावर एकदा मी त्यांना विचारलं, "तुम्हाला इतकी खात्री कशी होती हो?"

"खात्री कसली? कित्येकांची उघडतच नाहीत. तिने शेवटचं पाणी मागितलं आणि मी नाही म्हणालो, असंच झालं असतं तर..." त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हे तिला सांगू नका. निर्दय म्हणते ते बरं आहे. तेवढा जोर आला तिला."

मी सांगितलेलं नाही. दर भाऊबिजेला ती त्यांना भाऊ मानून ओवाळी आणि तिचं भांडण ठरलेलं असे. ओवाळून झालं की ती म्हणे, "एक घोट दिला असता, तर तुमचं काय जाणार होतं?" आणि हा बोलघेवडा माणूस खाली मान घालून करंजी खात बसे.

गेल्या वर्षी त्यांची दूरच्या गावी बदली झाली. यंदा भाऊबिजेला पाट मांडला गेला नाही. तिने फराळाचा डबा फडक्यात शिवला आणि आत एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीत तोच प्रश्न होता, शाई थोडी पसरलेली. मी डब्याचं वजन केलं, वर पत्ता लिहिला आणि तो पोस्टात देऊन आलो.