मिरचीचं साफ पान

मंगरूळपीरला माझा फोटो स्टुडिओ आहे, आणि माझं खरं काम फोटो काढायचं नाही, पुसायचं आहे. नवरीच्या गालावरचा फोड, नवरदेवाच्या डोक्यामागचा लाइटचा खांब, स्टेजवर ताट घेऊन जेवत उभा असलेला कोणाचा तरी मामा, सगळं पुसायचं. हात इतका बसलाय की डोकं लागतच नाही. किड्यांचे फोटो हा मात्र शौक. रविवारी लेन्स घेऊन भावाच्या वावरात जातो आणि सरीत पोटावर लोळतो. लोक हसतात. हसेनात का!

भाऊ ट्रकवर असतो, त्यामुळे भाजीपाल्याचं वावर वहिनी एकटीच पाहते. या साली तिनं पहिल्यांदा स्वतःच्या मनानं मिरची लावली. भाऊ नको म्हणत होता, तरी लावली.

एका रविवारी तिनं हाक मारली, "भाऊजी, या पानाच्या मांगं काई वळवळते का पाहा बरं. मले तं दिसून राह्यलं काईतरी."

पान उलटवलं, तर त्यावर लाल पाठीचा ढालकिडा! मी हरखलोच. त्याचेच फोटो काढत बसलो. "मले धाडा एक, दुकानात दाखवा लागते," ती म्हणाली. आमच्याकडे आता पान तोडून कृषी केंद्रात कोणी नेत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो जातो आणि औषध घरी येतं.

घरी येऊन मी ढालकिडा उजळला. त्याच्याभोवती पानावर बारीक पिवळट कुसं होती, नजर तिकडेच जात होती. धूळ समजून एकूणएक पुसली आणि तोच फोटो वहिनीला पाठवला. तिनं तो पुढे धाडल्यावर कृषी केंद्राच्या शेठनी मोठा करून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हा ढालकिडा तं पिकाचा दोस्तच. बाकी पान एकदम साफ आहे. फवारा कायले मारता?"

ती फवारायची थांबली. पाहता पाहता अर्ध्या मिरचीची पानं चुरडली. मी वाकडं झालेलं एक पान लेन्सखाली धरलं, तर तीच पिवळट कुसं, आणि चालत होती. धूळ कसली बाप्पा, पानाचा रस शोषणारे फुलकिडे होते ते! मूळ फोटो मी कार्डावरून केव्हाच उडवला होता.

भावानं फोनवर "मी सांगतलं होतं" एवढंच ऐकवलं. वहिनी त्याच्यावर चिडली नाही, शेठवरही नाही. "माह्ये डोळेच गेले भाऊजी," म्हणाली. "फोटोत तं पान साफच होतं. नसलेलं दिसते, असलेलं दिसत नाही." तेव्हापासून प्रत्येक झाड ती मलाच दाखवते. लाज वाटते मला त्या वावरात पाय टाकायची, आणि न गेलो तर कारण काय सांगू!

परवा सांगून टाकलं. "वहिनी, तुमचे डोळे बरोबर होते. फोटोत किडे होते. म्याच पुसले."

ती हसली.

"चाला! पानावरचे किडे फोटोतून कोणी पुसते काय? माह्या मनाले बरं वाटावं म्हून बोलून राह्यले तुमी."

"खरंच, वहिनी."

"असू द्या," म्हणाली, आणि वांग्याचं एक पान माझ्यापुढे धरलं. "तुमीच पाहा. माहा काई भरोसा नाही आता."